दोन देश, एक पदवी: वैद्यकीय तंत्रज्ञानाचा संयुक्त अभ्यासक्रम उभा करताना

दोन देशांतली विद्यापीठं वैद्यकीय तंत्रज्ञानाची संयुक्त पदवी सुरू करायचं ठरवतात, पहिल्या बैठकीला प्राध्यापक जमतात आणि तासाभरात फळ्यावर विषयांची यादी तयार होते. बायोमेकॅनिक्स तुमच्याकडे, मेडिकल इमेजिंग आमच्याकडे, सिग्नल प्रोसेसिंग निम्मं-निम्मं. सगळे खूश होऊन जेवायला जातात. वर्षभराने कळतं की एका देशाच्या कायद्यात दुसऱ्या विद्यापीठाच्या सहीचं पदवी प्रमाणपत्र बसतच नाही. किंवा एकीकडे नापास झालेला विद्यार्थी दुसरीकडे पुढच्या सत्राला जाऊन बसलाय, आणि त्याचं काय करायचं हे कुठेच लिहिलेलं नाही.

हे काम नव्याने अंगावर पडलेल्यांसाठी हा लेख आहे, आणि त्यातला क्रम मुद्दाम उलटा आहे: आधी शेवटचा कागद, मग विषय. पहिल्या बैठकीला परीक्षा विभाग, प्रवेश विभाग आणि विद्यापीठाचा कायदा बघणारा माणूस हवाच. प्राध्यापक दुसऱ्या बैठकीला आले तरी चालतील. पदवी मिळेपर्यंत ज्या खिडक्यांवर विद्यार्थी अडकू शकतो, त्या खिडक्यांमागे बसणाऱ्यांना सुरुवातीपासून घेतलं तर निम्मी डोकेदुखी वाचते.

पहिली पायरी: प्रमाणपत्र कसं दिसणार, ते ठरवा

‘संयुक्त’ म्हणून तीन वेगळ्या गोष्टी चालतात. पहिली खरी संयुक्त पदवी: एकच प्रमाणपत्र, त्यावर सगळ्या विद्यापीठांची नावं आणि सह्या. दुसरी दुहेरी पदवी: अभ्यासक्रम एकत्र आखलेला, पण प्रत्येक विद्यापीठ आपापलं प्रमाणपत्र देतं. तिसरी ट्विनिंग: काही सत्रं परदेशात, पदवी मात्र मूळ विद्यापीठाचीच. विद्यार्थ्याला जाहिरातीत तिन्ही सारख्याच वाटतात. कायद्याच्या दृष्टीने त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तुमच्या आणि भागीदाराच्या देशात यापैकी काय चालतं, हे लेखी मिळवा. तोंडी ‘हो, होईल’ याला काही अर्थ नाही. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांत तिन्ही प्रकार आहेत. संयुक्त पदवीसाठी विद्यार्थ्याने दोन्ही संस्थांत प्रत्येकी किमान ३० टक्के क्रेडिट मिळवायला हवेत, आणि ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाने चालणाऱ्या अभ्यासक्रमांना ते नियम लागू नाहीत. युरोपात संयुक्त पदव्यांची परंपरा जुनी आहे. एकमेकांच्या पदव्या मानण्याबद्दलच्या १९९७ च्या लिस्बन मान्यता करारानंतर संयुक्त पदव्यांच्या मान्यतेसाठी २००४ मध्ये स्वतंत्र शिफारस झाली, तरीही प्रत्येक देशाचा कायदा आपापला राहिला. नेदरलँड्समधलं मास्त्रिख्त आणि बेल्जियममधलं हॅसेल्ट ही अगदी शेजारची गावं. त्यांना एकत्र विद्यापीठ चालवायचं तर २००१ मध्ये दोन सरकारांना करार करावा लागला. गावं जवळ असली म्हणून कायदे जवळ येत नाहीत.

माझं मत विचाराल तर कायदा अडत असेल तिथे हट्ट करू नका. अभ्यासक्रम खरोखर एकत्र आखलेला असेल, तर दुहेरी पदवीने सुरुवात करून पहिली तुकडी बाहेर पडल्यावर संयुक्त पदवीकडे वळता येतं. मात्र दुहेरी पदवीत एक प्रश्न नक्की विचारला जाईल: एकाच कामाबद्दल दोन पदव्या कशा? एकच प्रबंध दोन्हीकडे मोजला जाणार असेल, तर पदवीसोबतच्या पुरवणीत ते स्पष्ट लिहा. ही पुरवणी, म्हणजे डिप्लोमा सप्लिमेंट, युरोपीय आयोग, युरोप परिषद आणि युनेस्को यांनी मिळून ठरवलेल्या आठ भागांच्या नमुन्यात असते. पुढे नोकरी देणारा किंवा पीएचडीला घेणारा माणूस प्रमाणपत्रापेक्षा तीच बारकाईने वाचतो.

या पायरीच्या शेवटी हातात प्रमाणपत्राचा कच्चा नमुना असायला हवा. त्यावर पदवीचं नाव, भाषा, सह्या कोणाच्या, कोणत्या कायद्यान्वये दिली, आणि छापणार कोण, हे सगळं हवं. शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो. पण काही देशांत पदवीचा कागद ठरावीक सरकारी नमुन्यातच निघतो, आणि तिथे दुसऱ्या विद्यापीठाचं बोधचिन्ह छापायलाही परवानगी लागते.

दुसरी पायरी: बाहेर पडणारा माणूस कोण असेल?

वैद्यकीय तंत्रज्ञान या नावाखाली दोन अगदी वेगळे व्यवसाय येतात. एक यंत्र घडवणारा: व्हेंटिलेटर, इम्प्लांट, निदानाचं सॉफ्टवेअर बनवणारा अभियंता. दुसरा यंत्र चालवणारा: प्रयोगशाळा, रेडिओलॉजी किंवा शस्त्रक्रियागृहात काम करणारा तंत्रज्ञ. एका देशात हा विभाग अभियांत्रिकी शाखेत असतो, दुसऱ्यात आरोग्यविज्ञान शाखेत. दोन्ही बाजू महिनोन् महिने एकमेकांशी बोलत राहतात आणि प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर वेगळाच विद्यार्थी असतो.

यातला दुसरा व्यवसाय बऱ्याच देशांत परवान्याचा आहे. भारतात २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने या क्षेत्रासाठी नोंदणीची चौकट आणली. युरोपीय संघात २००५/३६ क्रमांकाच्या निर्देशानुसार डॉक्टर, परिचारिका, दंतवैद्य, फार्मासिस्ट अशा मोजक्याच व्यवसायांची पात्रता आपोआप मानली जाते; बायोमेडिकल अभियंता त्यात नाही. किरणोत्साराशी संबंध असलेल्या वैद्यकीय भौतिकी तज्ज्ञासाठी २०१३/५९ हा युरॅटमचा, म्हणजे युरोपच्या अणुऊर्जा समुदायाचा, वेगळा निर्देश आहे. तुमची पदवी घेऊन विद्यार्थ्याला रुग्णालयात एखाद्या परवान्याच्या पदावर जाता येईल, असं माहितीपत्रकात लिहायचं असेल, तर त्या त्या देशाच्या परिषदेचं पत्र आधी हातात ठेवा. नसेल तर सरळ लिहा: ही अभियांत्रिकीची पदवी आहे, परवान्याची नाही. असं लिहिल्याने प्रवेश कमी होतील अशी भीती दाखवणारे भेटतात. होऊ देत. चार वर्षांनी फसवणुकीची तक्रार येण्यापेक्षा ते बरं.

तिसरी पायरी: भागीदार निवडणं

यावर फार लिहायची गरज नाही. जागतिक क्रमवारी बघून भागीदार शोधू नका. तीन गोष्टी बघा: त्यांच्याशी जोडलेलं रुग्णालय विद्यार्थ्यांना आत घेतं का, तुमच्याकडे नसलेलं काय त्यांच्याकडे आहे, आणि त्यांचा परीक्षा विभाग ईमेलला उत्तर देतो का. शेवटची कसोटी सर्वात खरी.

संख्या कमी ठेवा. नव्यांनी दोनच विद्यापीठांपासून सुरुवात करावी. संयुक्त पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठीचं युरोपचं इरास्मस मुंडुस अनुदान हवं असेल, तर नियमानुसार तीन वेगळ्या देशांतल्या किमान तीन संस्था लागतात. तेव्हा तिसरा भागीदार घ्या, पण त्याच्यामुळे वाढणारं कागदपत्रांचं काम गृहीत धरून.

चौथी पायरी: क्रेडिट, वेळापत्रक आणि गुण

इथे घाई करणाऱ्यांचे हाल होतात, म्हणून जरा थांबून बघू.

ईसीटीएस या युरोपच्या सामाईक क्रेडिट पद्धतीत पूर्ण वर्ष म्हणजे ६० क्रेडिट, आणि एक क्रेडिट म्हणजे विद्यार्थ्याचं २५ ते ३० तासांचं काम. म्हणजे वर्षाला १५०० ते १८०० तास. ब्रिटनमध्ये वर्षाला १२० क्रेडिट, त्यामुळे त्यांचे दोन म्हणजे ईसीटीएसचा एक. भारताच्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात वर्षाला ४० क्रेडिट आणि १२०० तास, म्हणजे क्रेडिटला ३० तास. आता भारतातला ४ क्रेडिटचा विषय युरोपात किती क्रेडिटचा? वर्षाच्या प्रमाणात बघितलं तर ६. तासांनी बघितलं तर १२० तास, म्हणजे ४ ते ४.८. दोन्ही हिशोब बरोबर आहेत आणि उत्तरं वेगळी आहेत. कोणता हिशोब वापरायचा हे एकदा ठरवा, करारात लिहा आणि सगळ्या विषयांना तोच लावा. विषयागणिक हिशोब बदलला की विद्यार्थी बरोबर फायद्याचा विषय शोधून काढतात. त्यात त्यांची चूक नाही.

वेळापत्रकाचा पेच आणखी अवघड. जर्मनीत हिवाळी सत्राची व्याख्यानं साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालतात आणि परीक्षा त्याच्याही पुढे जातात. उन्हाळी सत्र एप्रिलमध्ये सुरू होतं. शेजारच्या नेदरलँड्समध्ये वर्ष सप्टेंबरमध्ये सुरू होतं आणि दुसरं सत्र फेब्रुवारीत. जर्मनीतलं हिवाळी सत्र संपवून डच विद्यापीठात जाणारा विद्यार्थी पोचतो तेव्हा तिथला अभ्यास पुढे सरकलेला असतो. दक्षिण गोलार्धातला भागीदार असेल तर वर्षच फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरू होतं. वेळापत्रकं बदलायला विद्यापीठं सहसा तयार होत नाहीत, आणि तुमच्या एका अभ्यासक्रमासाठी तर नाहीच. मग उपाय एवढाच उरतो की देश बदलायचा तो सत्राच्या शेवटी न बदलता वर्षाच्या शेवटी बदलायचा. मधल्या उन्हाळ्यात प्रकल्प किंवा रुग्णालयातलं प्रशिक्षण ठेवलं की राहिलेली फटही भरते. दोन वर्षांच्या पदव्युत्तर पदवीत पहिलं वर्ष एकीकडे, तिसरं सत्र दुसरीकडे आणि प्रबंध कुठेही, ही रचना सर्वात कमी त्रासाची.

गुणांचं रूपांतर हा भांडणाचा विषय. जर्मनीत १.० सर्वोत्तम, ४.० काठावर पास. नेदरलँड्समध्ये १० पैकी, ५.५ ला पास. फ्रान्समध्ये २० पैकी, इटलीत ३० पैकी, डेन्मार्कमध्ये उणे ३ ते १२. जर्मन विद्यापीठांत बव्हेरियन सूत्र म्हणून ओळखलं जाणारं एक सरळ रेषेचं सूत्र प्रचलित आहे: सर्वोच्च गुणांतून मिळालेले वजा करा, त्याला सर्वोच्च वजा पास होण्याचे किमान गुण यांनी भागा, तीनने गुणा आणि एक मिळवा. डच ८ त्यात घातला तर उत्तर येतं २.३. पण डच पद्धतीत ९ आणि १० अगदी विरळा मिळतात. ८ म्हणजे वर्गातला हुशार विद्यार्थी. तोच जर्मन कागदावर ‘बरा’ विद्यार्थी होऊन बसतो. ईसीटीएसच्या मार्गदर्शिकेत म्हणूनच गुणांच्या वितरणाचे तक्ते सुचवलेत: प्रत्येक विद्यापीठाने गेल्या काही वर्षांत किती टक्के विद्यार्थ्यांना कोणते गुण दिले ते मांडायचं आणि टक्केवारीने टक्केवारीशी जुळवायचं. काम जास्त आहे, पण विद्यार्थ्याला समजावून सांगता येतं. सूत्र वापरायचंच असेल तर निदान एका जुन्या तुकडीच्या गुणांवर चालवून बघा आणि निकाल दोन्ही बाजूंच्या प्राध्यापकांसमोर ठेवा.

पाचवी पायरी: आता विषय

इथवर आलात की प्राध्यापकांना बोलवा. विषयांची यादी करण्याआधी पाच-सहा वाक्यं लिहून घ्या: पदवी घेतलेला माणूस काय करू शकेल? ‘वैद्यकीय उपकरणांची माहिती असेल’ हे वाक्य बाद. ‘एखाद्या उपकरणाच्या जोखमींचं विश्लेषण करून त्याचा दस्तऐवज तयार करू शकेल’ हे चालेल, कारण ते तपासता येतं.

या क्षेत्रातल्या पदवीची खरी ताकद नियमनात आहे, आणि बरेच अभ्यासक्रम तिथेच कच्चे असतात. एकच उपकरण युरोपात चार वर्गांपैकी एकात बसतं: १, २अ, २ब किंवा ३. भारतात २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांनुसार अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. अमेरिकेत तीनच, आणि बाजारात येण्याच्या वाटाही निराळ्या: आधीच्या उपकरणाशी साधर्म्य दाखवणारी ५१०(के), नवीन पण कमी ते मध्यम जोखमीच्या उपकरणांसाठी डी नोव्हो, आणि सर्वात कडक पूर्वमंजुरी. विद्यार्थ्यांना एकच उपकरण, समजा घरच्या घरी हृदयाची विद्युतलहर नोंदवणारा पट्टा, द्या आणि दोन्ही देशांच्या नियमांतून त्याला बाजारापर्यंत न्यायला सांगा. दोन देशांतले विद्यार्थी एका गटात बसवले तर हा प्रकल्प एका देशात शिकून होणारच नाही अशा तऱ्हेने होतो. संयुक्त पदवी कशासाठी, या प्रश्नाचं मला पटलेलं उत्तर हेच आहे.

नियम मात्र बदलत राहतात. युरोपचं २०१७/७४५ हे उपकरण नियमन २६ मे २०२१ पासून लागू झालं, मग २०२३ मध्ये जुन्या उपकरणांसाठी मुदती २०२७ आणि २०२८ पर्यंत वाढवल्या गेल्या. कृत्रिम बुद्धिमत्तेचा युरोपीय कायदा ऑगस्ट २०२४ मध्ये अस्तित्वात आला. अमेरिकेत औषधं आणि उपकरणांचं नियमन करणाऱ्या एफडीएने आपली गुणवत्ता व्यवस्थापनाची नियमावली आयएसओ १३४८५ ला जोडून घेतली, ती २ फेब्रुवारी २०२६ पासून. म्हणून अधिकृत अभ्यासक्रमात कलमांचे क्रमांक कोंबू नका. तिथे फक्त ‘लागू असलेलं नियमन’ म्हणा आणि तपशील वार्षिक विषयपत्रिकेत ठेवा, नाहीतर दर बदलाला दोन विद्यापरिषदांची मंजुरी घेत बसाल.

मानकांपैकी चार तरी प्रत्यक्ष वापरून शिकवायलाच हवीत: गुणवत्ता व्यवस्थापनाचं आयएसओ १३४८५, जोखीम व्यवस्थापनाचं आयएसओ १४९७१, सॉफ्टवेअरच्या जीवनचक्राचं आयईसी ६२३०४ आणि विद्युत सुरक्षिततेचं आयईसी ६०६०१. ही मानकं विकत घ्यावी लागतात. तुमच्या ग्रंथालयाचा परवाना भागीदार विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना चालतो का, ते आधी विचारा. बहुतेक वेळा चालत नाही.

उदाहरण हवं असेल तर थेरॅक-२५ पासून सुरुवात करा. कॅनडात बनलेल्या या किरणोपचार यंत्राने १९८५ ते १९८७ दरम्यान अमेरिका आणि कॅनडातल्या रुग्णालयांत सहा रुग्णांना प्रचंड अतिरिक्त मात्रा दिली. आधीच्या यंत्रांतले सुरक्षेचे यांत्रिक अडसर काढून सगळी भिस्त सॉफ्टवेअरवर ठेवली होती. ऑपरेटरने पडद्यावरच्या नोंदीत झटपट दुरुस्ती केली की सॉफ्टवेअरमधली चूक जागी व्हायची. पहिल्या अपघातांची माहिती इतर रुग्णालयांपर्यंत नीट पोचली नाही. सॉफ्टवेअर, जोखीम, वापरकर्त्याचं वागणं आणि सीमेपलीकडची सूचना यंत्रणा असे चारही धागे या एका प्रकरणात सापडतात, आणि अभियंता व तंत्रज्ञ दोघांनाही ते भिडतं.

सहावी पायरी: रुग्णालय, रुग्णांचा डेटा आणि प्रबंध

विद्यार्थ्याला परक्या देशातल्या रुग्णालयात पाय ठेवायचा तर हेपॅटायटिस बी ची लस, विमा, गोपनीयतेचं हमीपत्र, एक्स-रे विभागासाठी किरणोत्सार सुरक्षेचं प्रशिक्षण, आणि अनेक देशांत पोलीस पडताळणी लागते. लसीचा पूर्ण क्रम साधारण सहा महिन्यांचा असतो, त्यामुळे ही यादी प्रवेशपत्रासोबतच पाठवा. पोचल्यावर सांगून उपयोग नाही. स्थानिक भाषेचंही तसंच. व्याख्यानं इंग्रजीत चालतील, पण वॉर्डातली परिचारिका आणि रुग्ण इंग्रजीत बोलतील असं नाही.

डेटाबाबत सावध राहा. युरोपच्या जीडीपीआर या माहिती संरक्षण कायद्यामध्ये आरोग्याची माहिती विशेष वर्गात मोडते आणि ती संघाबाहेर पाठवायला वेगळा कायदेशीर आधार लागतो. विद्यार्थ्याने रुग्णालयातल्या प्रतिमा पेनड्राइव्हवर घेऊन घरी प्रबंध लिहिणं म्हणजे थेट कायदेभंग. शिकवण्यासाठी खुले संच वापरा. फिजिओनेट या भांडारावर एमआयएमआयसी सारखे अतिदक्षता विभागांतले ओळख पुसलेले संच ठरावीक प्रशिक्षण आणि परवानगीनंतर मिळतात. खरा रुग्णालयीन डेटा लागणारे प्रबंध मोजकेच ठेवा, आणि त्या डेटावरचं काम त्या रुग्णालयाच्या संगणकावरच होऊ द्या. नैतिकता समितीची मंजुरी दोन्हीकडे लागेल की एकीकडची पुरेल, हे प्रबंधाच्या विषयाला मान्यता देतानाच नोंदवा.

बौद्धिक संपदेचा प्रश्न पहिला चांगला प्रबंध आला की उभा राहतो. काही देशांत प्राध्यापकाचा शोध विद्यापीठाचा असतो, स्वीडनमध्ये तो अजूनही प्राध्यापकाचा स्वतःचा असतो. विद्यार्थी बहुतेक ठिकाणी नोकर नसतो, म्हणून त्याचा शोध त्याचा. दोन देशांतले प्राध्यापक आणि विद्यार्थी अशा तिघांचं काम एकत्र झालं आणि कंपनीही सहभागी असली तर मालकी कोणाची? करारात उत्तर हवं. आणखी एक गोष्ट नव्यांच्या लक्षात येत नाही: युरोपीय पेटंट पद्धतीत अर्ज करण्याआधी शोध जाहीर झाला की नावीन्य गेलं. प्रबंधाची खुली तोंडी परीक्षा हीसुद्धा जाहीर करणंच आहे. अमेरिकेत शोधकर्त्याला वर्षभराची सवलत असते, आणि तिच्या भरवशावर राहिलेला गट युरोपातला हक्क घालवून बसतो. म्हणून बंद दाराआड परीक्षा आणि प्रबंध ठरावीक काळ गोपनीय ठेवायची तरतूद दोन्ही विद्यापीठांच्या नियमांत आहे का, ते बघा.

सातवी पायरी: करार

सामंजस्य करारावर फोटो काढून होतात. त्याने अभ्यासक्रम चालत नाही. लागतो तो तपशीलवार सहकार्य करार. त्याची मोठी कलमं सगळ्यांना सुचतात: समन्वयक विद्यापीठ कोणतं, प्रवेश कसे, शुल्क कसं वाटायचं. राहतात ती कटकटीची कलमं, आणि त्यांचीच पुढे गरज पडते.

नापास झालेल्या विद्यार्थ्याचं कलम सर्वात आधी लिहा. जर्मनीत परीक्षेच्या प्रयत्नांना सहसा मर्यादा असते, आणि अंतिम नापास ठरलेल्याला तोच अभ्यासक्रम देशात दुसरीकडेही करता येत नाही. अनेक देशांत अशी मर्यादाच नाही. मग जर्मन विषयात अंतिम नापास झालेला विद्यार्थी संयुक्त पदवीतून बाद, की भागीदाराकडे समकक्ष विषय देऊन सुटणार? माझ्या मते चांगला नियम असा: विषय ज्या विद्यापीठाचा, परीक्षेचे नियम त्याचे; पुढच्या वर्षात जायचे आणि पदवी देण्याचे नियम मात्र एकत्र मंडळाचे. विद्यार्थी दुसऱ्या देशात असताना राहिलेली फेरपरीक्षा तिथल्या परीक्षा केंद्रात, पर्यवेक्षकासमोर देता यावी, अशीही सोय लिहा. नाहीतर एका पेपरसाठी विमानाचं तिकीट काढायला लागतं.

साहित्यचोरीची चौकशी कोणाकडे, तक्रार आणि अपील कोणाकडे, रुग्णालयात काही मोडलं किंवा कुणाला इजा झाली तर जबाबदार कोण, विद्यार्थ्यांच्या माहितीचा ताबा कोणाकडे, या प्रत्येकाला एक ओळ तरी हवी. आणि बाहेर पडण्याचं कलम हवंच: भागीदाराने माघार घेतली तरी प्रवेश घेतलेल्या शेवटच्या विद्यार्थ्याची पदवी पूर्ण होईपर्यंत तो बांधील राहील. हे कलम मांडताना जरा अवघडल्यासारखं होतं, जसं लग्नाच्या बोलणीत घटस्फोटाचा विषय काढावा. तरी काढा.

दरवर्षी बदलणारे तपशील, म्हणजे विषयांची यादी, जागा, शुल्काचे आकडे, गुणांचे तक्ते, हे सगळं परिशिष्टात टाका आणि परिशिष्ट बदलायचा अधिकार संयुक्त मंडळाला द्या. मुख्य करार बदलायला दोन कुलगुरूंच्या सह्या लागतात, आणि सह्यांना महिने लागतात.

आठवी पायरी: पैसे

खर्चाच्या तीन बाबी कागदावर हमखास कमी दिसतात: पूर्णवेळ समन्वयकाचा पगार, विद्यार्थ्यांचा प्रवास आणि मुक्काम, आणि प्राध्यापकांचे प्रवास. समन्वयकाचं काम एखाद्या प्राध्यापकाच्या माथी ‘जरा बघा’ म्हणून मारलं तर अभ्यासक्रम त्या प्राध्यापकाच्या बदलीसोबत संपतो.

शुल्काचा मेळ घालणं अवघड जातं, कारण काही ठिकाणी कायदाच आडवा येतो. जर्मनीच्या सरकारी विद्यापीठांत बहुतांशी शिक्षण शुल्क नाही. बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्य मात्र २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १५०० युरो घेतं. भागीदाराकडे शुल्क असेल आणि तुमच्याकडे ते आकारायला बंदी असेल, तर समान शुल्क ठरवता येत नाही. अशा वेळी विद्यार्थी त्या त्या वर्षी जिथे शिकतो तिथलं शुल्क, हा साधा मार्ग धरा आणि प्रवेशावेळीच पूर्ण हिशोब विद्यार्थ्याच्या हातात द्या.

अनुदानांत इरास्मस मुंडुस २००४ पासून चालू आहे. नव्यांसाठी त्यातला उपयोगी भाग म्हणजे आखणीसाठीचं अनुदान: १५ महिन्यांसाठी ६०,००० युरो, फक्त अभ्यासक्रम तयार करायला. सीमेलगतच्या युरोपीय विद्यापीठांना इंटररेग या सीमापार सहकार्याच्या निधीचाही पर्याय असतो. कुठलंही अनुदान घेतलंत तरी त्याच्या मुदतीनंतरच्या वर्षाचा ताळेबंद अर्जासोबतच मांडा.

नववी पायरी: मान्यता

जुनी रीत म्हणजे दोन्ही देशांत वेगवेगळे मान्यता अर्ज, वेगवेगळ्या समित्या, आणि त्यांच्या परस्परविरोधी अटी. एक म्हणते प्रबंध ३० क्रेडिटचा हवा, दुसरी म्हणते २० पेक्षा जास्त नको. युरोपच्या शिक्षणमंत्र्यांनी २०१५ मध्ये येरेव्हान इथे संयुक्त अभ्यासक्रमांसाठी एक सामाईक पद्धत मान्य केली. तिच्यात नोंदणीकृत मान्यता संस्थांपैकी एकच संस्था एकदाच तपासणी करते. समितीत किमान चार जण, त्यात एक विद्यार्थी. मान्यता सहा वर्षांची. ही पद्धत सगळ्या देशांनी आपल्या कायद्यात सारखीच उतरवलेली नाही, त्यामुळे दोन्ही मंत्रालयांना लेखी विचारा. अभियांत्रिकीकडे झुकणारी पदवी असेल तर युर-एस हा गुणवत्ता शिक्काही त्याच तपासणीत मिळवता येतो का, ते संस्थेशी बोलून ठरवा. दोनदा स्वतंत्र अहवाल लिहिण्यापेक्षा ते सोपं.

सगळं धरून कल्पनेपासून पहिल्या प्रवेशापर्यंत दोन-तीन वर्षं लागतील असं गृहीत धरा. पुढच्या जूनमध्ये प्रवेश सुरू करू असं वरिष्ठ म्हणाले तर मान डोलवा, पण माहितीपत्रक छापू नका.

दहावी पायरी: पहिली तुकडी

विद्यार्थ्यांची नोंदणी पहिल्या दिवसापासून दोन्ही विद्यापीठांत करा, ते कुठेही बसलेले असोत. नाहीतर ग्रंथालय, सॉफ्टवेअरचे परवाने, प्रयोगशाळेचा विमा, सगळीकडे ‘हा आमचा विद्यार्थी नाही’ असं उत्तर मिळतं. दोन्हीकडचं नोंदणी शुल्क दुप्पट होणार नाही याची तजवीज मात्र करारातच हवी.

व्हिसासाठी एक सोय अनेकांना माहीत नसते. युरोपीय संघाच्या २०१६/८०१ निर्देशानुसार, दोन विद्यापीठांच्या कराराखाली शिकणाऱ्या संघाबाहेरच्या विद्यार्थ्याला पहिल्या देशाच्या परवान्यावर दुसऱ्या सदस्य देशात ३६० दिवसांपर्यंत शिकता येतं. डेन्मार्क आणि आयर्लंड त्यात नाहीत. प्रवेशपत्रात कराराचा स्पष्ट उल्लेख असला तर दूतावासातलं काम हलकं होतं, म्हणून पत्राचा मसुदा आंतरराष्ट्रीय कक्षाकडून तपासून घ्या.

तुकडी लहान ठेवा. दहा-पंधरा जणांपलीकडे जाऊ नका. पहिल्या देशबदलानंतर महिन्याभराने दोन्ही बाजूंचे परीक्षा विभाग, समन्वयक आणि दोन-तीन विद्यार्थी यांना एका टेबलाभोवती बसवा आणि एका विद्यार्थ्याची पूर्ण फाइल उघडा: प्रवेश, क्रेडिट, गुण, लस, विमा, व्हिसा. जिथे कागद सापडत नाही किंवा दोन्हीकडे वेगळा आकडा आहे तिथे खूण करा, आणि पुढच्या तुकडीचे प्रवेश उघडण्याआधी परिशिष्टात त्या दुरुस्त्या घाला.